डाव्या अंगाची खिडकी

कोरेगाव स्टेशनात तिकीटखिडकीपलीकडं बागवान बसतात,
चष्मा कपाळावर, पेन कानावर.
"कुठल्या वर्गाचं देऊ?" म्हणाले,
तसं मी शालनकडं बघितलं, शालननं माझ्याकडं.

चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर काढली मी.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
सवय जात नाही.
एका पारड्यात एसी : गादीची खुर्ची, पाठ मागं रेलते,
धूळ नाही, गलका नाही,
शिवाय पोरानं फोनवर तीनदा बजावलेलं,
"आप्पा, एसीच घ्या."
दुसऱ्या पारड्यात सेकंड सीटिंग : फळीसारखा बाक,
तिघांच्या जागेत साडेतीन,
खिडकीला गज, आणि गजातून वारा.
भाड्यात तिपटीचा फरक.
तरी काटा एसीकडंच झुकला. मी पाकीट काढलं.

"मला गजाची खिडकी पाहिजे," शालन म्हणाली.
"डाव्या अंगाची."

तिचं माहेर आदर्कीचं.
बोगद्याच्या वरच्या माळावर शेरडं राखायची लहानपणी.
गाडी घाटात आली की धापा टाकायची,
ही डबे मोजायची आणि हात करायची.
"खिडक्यांतनं हात यायचे हो उलटे,
बांगड्यांचे, बिडीचे,
एकदा तर एका फौजीनं टोपी काढून हलवली.
मग काचेचे डबे लागले, आणि तेवढे डबे मुके झाले.
आत माणसं आहेत का पोती, कळायचं नाही."

हे सगळं तिकीटखिडकीशी उभं राहून.
मागं रांग. भरतीला निघालेली दोन पोरं,
एक बाई, तिच्या पिशवीतून कोंबडीची मान बाहेर,
तीही ऐकत असल्यासारखी.
बागवान म्हणाले, "काका, भांडण घरी करा.
का एकेक देऊ?"
चेष्टा होती ती.
शालन म्हणाली, "द्या."

दशम्यांची पिशवी तिच्या डब्यात गेली,
पाण्याची बाटली माझ्या.

साताऱ्यापर्यंत मी गारठलो, वाठारपर्यंत पेंगलो.
काच पिवळट. डोंगर काढ्यात बुडवून काढल्यासारखे.
शेजारचा माणूस मोबाईलवर
कुठल्याशा घाटातल्या गाडीचा व्हिडिओ बघत होता,
मान वर न करता.

मग गाडी वळली.
इतकी वळली की मला माझ्याच गाडीचं इंजिन दिसलं,
पुढचे डबे विळ्यासारखे वाकलेले,
आणि त्यातल्या चौथ्याच्या गजातून
एक हात.
कोपरापर्यंत बाहेर. हिरव्या बांगड्या.
मला वजन कळतं, लांबचं फारसं दिसत नाही,
पण तो हात कळला.
सदतीस वर्षं वाढतोय मला तो.

मी हात वर केला.
पिवळ्या काचेआड, थंड खुर्चीत, जोरजोरात हलवला.
शेजाऱ्यानं बघितलं.
मी डोकं खाजवल्यासारखं केलं.
मग बोगदा आला,
आणि काचेत माझंच तोंड.

पुण्याला उतरलो तेव्हा तिचे केस पार पिंजारलेले,
पदरावर कुणाच्या तरी भेळेचा चुरमुरा.
चालता चालता विचारलं,
"घाटात हात कुणाला करत होतीस?"

"पोरं होती की माळावर, शेरडं घेऊन.
गाडी जाईस्तोवर हलवत होती बिचारी."
पिशवी तिनं माझ्याकडं दिली. बाटली मागून घेतली.
घोट घेऊन म्हणाली,
"तुमच्या डब्यातनं केला का कुणी?"

"एक जण होता," मी म्हणालो.
"पण काच होती."